हात न लावता

खुर्ची भिंतीला टेकवलेली, बिनहातांची,
बैठक सतरा इंचांवर.
हातांची फुली करून छातीवर ठेवा, मी सांगते,
आणि तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा
पूर्ण उठा, पूर्ण बसा.
दोसिंदा औतेइराल, वय एकोणसत्तर,
आपल्या हातांकडे बघते.
म्हणते, असे हात आमच्याकडे
फक्त मेलेल्या माणसाचे ठेवतात.

त्याआधी प्रश्नावली झालेली. पाच चौकटी:
मुळीच नाही, थोडा, मध्यम, फार, अतोनात.
जिना उतरताना त्रास होतो?
— वरची खोली चार वर्षं बंद आहे. मी खालीच झोपते.
म्हणजे?
— म्हणजे नाही होत.
मोजे चढवताना?
— ते बेनिग्नो चढवतो. शिव्या देत.
टबात उतरताना?
— कुठला टब?
कागदावर तिचे गुडघे
माझ्यापेक्षा तरुण निघाले.
गुडघे टेकून बसताना?
इथे मात्र ती थांबली.
— ते ओहोटीवर आहे, इरिया.

समोर एक्स-रे: सांध्यातली फट बुजलेली,
कडेकडेने हाडाला काटे फुटलेले,
जुन्या धक्क्याच्या खांबांवर कालवं चढावीत तसे.
छत्तीस हिवाळे ती खाडीच्या चिखलात
तिसऱ्या उपसत आली.
गुडघे टेकणं म्हणजे हार मानणं
असं समजणारे लोक
कधी थंड वाळूत उतरलेले नसतात.
तिनं गुडघे टेकले
तेव्हाच घरात चूल पेटली.

चला. सुरू.
पहिल्याच उठण्याला तळवा मांडीकडे सरकतो.
हात लावला की शून्य लिहायचं, असा नियम आहे.
तिला तो कुणी सांगितलेला नाही,
पण माझा चेहरा पाहून ती हात मागे घेते
आणि उठते.
दोन. तीन.
चौथ्याला ओठ मिटतात.
पाचव्याला गुडघ्यातून आवाज येतो,
ओल्या रेतीत दाताळं शिंपल्यावर घासावं तसा,
आणि आम्ही दोघी
तो ऐकलाच नाही असं दाखवतो.
सात, आठ, नऊ,
दहा,
आणि वेळ संपते तेव्हा ती मध्येच,
ना बसलेली ना उभी.
अर्ध्याहून वर असेल तर पूर्ण धरायचं.
मी अकरा लिहिते.

धाप ओसरल्यावर विचारते,
हा आकडा कुठे जातो? संघाकडे?
परवाना तेच देतात ना.
नाही, मी म्हणते. हाडांच्या डॉक्टरांकडे.
फक्त डॉक्टरांकडे?
फक्त.
ती खिडकीबाहेर बघत राहते थोडा वेळ.
मग म्हणते, पुसा ते.
आता मी उठते तशी उठते.

नियमाप्रमाणे चाचणी एकदाच.
मी घड्याळ शून्यावर आणते.

या वेळी ती घाई करत नाही.
आधी पाय मागे ओढून घेते,
धड पुढे झुकवते,
काहीतरी पुटपुटते, देवाला की गुडघ्याला कोण जाणे,
आणि वर येते.
दोन.
तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. तरी हात फुलीतच.
चार.
मग ती बसून राहते, आणि उरलेली सेकंदं
आम्ही दोघी नुसत्या ऐकतो.

अकरा आणि चार.
एकाच बाईच्या एकाच सकाळचे.
अकरा खोटे होते असं मला म्हणवत नाही,
तिनं ते माझ्यासमोर उठून दाखवले होते.
चाराच्या पुढे मी रकान्याबाहेर, समासात
बारीक अक्षरात काहीतरी लिहिते,
जे कुणी वाचणार नाही.

चार दहाला ओहोटी आहे, ती म्हणते,
आणि कोट घालते.
दारातून बाहेर पडल्यावर बंदराकडे उतार लागतो.
तो ती पाठमोरी उतरते,
कठड्याला एक हात, तोंड माझ्याकडे,
जणू निरोप अजून संपलेला नाही.
मी हात हलवते.
दुसऱ्या हातात घड्याळ,
बंद करायचं राहून गेलेलं.